पडद्यावरची बायको

लग्नाआधी आम्ही दोघांनी एक प्रेमपट पाहिला होता. त्याचा दुसरा भाग आला, म्हणून रविवारी पुन्हा दोघं गेलो. पहिल्या भागातले प्रेमिक आता जुने नवरा-बायको झाले होते. नायिका पानं वाढून नवऱ्याची वाट बघते आणि शेवटी एकटीच जेवते. ते बघून शेजारी माझा नवरा रुमालाने डोळे पुसायला लागला.

"किती एकटी पडलीय गं बिचारी," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी मी बोलत असते आणि हा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. माझे बाबा गेले, तेव्हाही पाहुण्यासारखा येऊन गेला. पडद्यावरच्या बाईसाठी रडणं सोपं असतं; तिला आपल्याकडून काहीच नको असतं.

बाहेर पडताना तो म्हणाला, "शेवटी तिच्या नवऱ्याला तिचं एकटेपण कळलं, बरं झालं."

"तुला कधी कळणार?" मी विचारलं.

तो थबकला. "मला काय कळायचंय?"

त्याने टाळलं असतं, तर मी तिथेच भांडले असते. पण तो खरंच विचारत होता. मी रिक्षाला हात केला आणि त्याला तिथेच सोडून निघाले.