नवराबायकोच्या राज्यात एक सरपंचपती

निकाराग्वाच्या विमानतळाबाहेर सगळ्यांत आधी दिसले ते राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी, एकाच फलकावर, हसताना. या देशात बायकोही राष्ट्राध्यक्षच आहे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं मला तिळाचं वाण दाखवायला पाठवलं होतं. गावाकडं मात्र माझी ओळख वेगळी. वाटूरजवळच्या आमच्या गावात आमची सौ. सरपंच आहे आणि सह्या सोडून सगळा कारभार मी बघतो. त्यामुळे इथं घरी आल्यासारखंच वाटलं.

शहरभर लोखंडाची झाडं उभी आहेत, पिवळी, जांभळी, दिव्यांनी मढवलेली. मी पोलाद कारखान्यांच्या जालन्याचा; एवढं लोखंड बघून छाती फुगली. सावली मात्र एकाही झाडाला नव्हती.

जिच्या घरी उतरलो ती बाई सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची. सकाळी तिनं कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. गायो पिंतो (तांबड्या घेवड्याचा परतलेला भात) फर्मास होता. पोट भरलं की माझी जीभ सुटते. मी मोठ्यांदा इंग्रजीत म्हणालो, "आमच्याकडंही नवराबायकोचंच राज्य! पण लोक तोंडावर शिव्या घालतात, निवडणुकीत पाडतात. तुमच्या या जोडीला कोण पाडतं?"

बाईचा चमचा थांबला. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून आमच्याकडं बघू लागले.

"आज ऊन फार आहे," ती म्हणाली आणि अर्धं ताट सोडून उठली.

घरी दार लावल्यावर बोलली. तिच्या मुलानं फोनवर सरकारविरुद्ध दोन ओळी लिहिल्या होत्या. तो शेजारच्या देशात परीक्षेला गेला आणि सरकारनं परतीच्या विमानात त्याला चढूच दिलं नाही; आता तो तिकडंच शिकतो, पैसे ही पाठवते. मला, परक्याला, मात्र हसत शिक्का मारून आत घेतलं होतं!

"खानावळीतल्या त्या दोघांना मी ओळखत नाही, कुणाला जाऊन सांगतील नेम नाही," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली तर त्याचं शिक्षण संपलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळं तिला आणखी त्रास नको म्हणून त्याच दुपारी सामान उचलून हॉटेलात गेलो.

परतल्यावर वाटूरच्या फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवर दिल्लीपासून आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांचा उद्धार चालू होता. निवडणुकीत सौ.कडून हरलेले काका मला बघून म्हणाले, "आले का सरपंचपती! बायकोच्या खुर्चीत बसून राह्यले, बिलकुल लाज न्हाई तुमाला." ऐकून इतकं बरं वाटलं की सगळ्यांना चहा मीच सांगितला.

"मंग, तिकडं कसंय?"

मी सगळं सांगितलं. खानावळ, ते दोघे, तो मुलगा.

"अन् ती मास्तरीण? नाव काय तिचं?" काकांनी सहज विचारलं.

टपरीवर सगळे आपलेच होते.

"विसरलो," मी म्हणालो.