वासंतीवहिनी इंजिन झोपवतात

मे महिना संपत आला की मस्कतातल्या आमच्या दार्सैतच्या इमारतीत सगळी बिऱ्हाडं भारतात जाण्यासाठी बॅगा भरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वासंतीवहिनी मात्र आधी इंजिन झोपवतात आणि मग बॅग भरतात.

वहिनी मूळच्या ठाण्याच्या, इथल्या भारतीय शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची होडी घेतली आणि सिदाबच्या किनाऱ्यावर मजीद नावाच्या ओमानी कोळ्याच्या देखरेखीखाली ठेवली. या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावतात. वहिनी इंजिनाला लावू लागल्या. मी एकदा त्या होडीत बसलो आहे. जिन्यात भेटल्यावर नुसत्या हसणाऱ्या वहिनी तिथे इंजिनाचा दांडा धरून ताठ बसल्या होत्या. मागे तपकिरी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. समोरून लाट आली आणि त्यांनी होडी तिच्यावर अशी चढवली, की मी देवाचं नाव घ्यायचंही विसरलो. किनाऱ्याला लागल्यावरही मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून होतो आणि वहिनी विचारत होत्या, "अजून एक चक्कर?"

त्यांचे यजमान कृष्णकांत विमा कंपनीत. त्यांना समुद्र कॅलेंडरवरचासुद्धा लागतो. दोन हजार तेरात उन्हाळाभर इंजिन होडीवरच राहिलं, आत मीठ साठलं आणि ऑक्टोबरातल्या पहिल्याच फेरीत ते भर पाण्यात बंद पडलं. मजीदने ओढून आणेपर्यंत कृष्णकांतांनी त्या सकाळचे पोहे आणि आदल्या रात्रीचा वरणभात, दोन्ही समुद्राला अर्पण केले होते. घरी आल्यावर त्यांनी अट घातली: येत्या उन्हाळ्यात झोपवताना इंजिनात एक जरी दोष निघाला, तरी होडीसकट ते मजीदला देऊन टाकायचं. वहिनी "बरं" म्हणाल्या.

तर दोन हजार चौदातला तो शुक्रवार. मजीदने पिकअपमधून इंजिन आणलं आणि तो तिथेच थांबला. त्याच्या मेहुण्याला होडी हवी होती.

इंजिनाच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी इंजिन कसं झोपवावं, याचं एक प्रकरण होतं. मस्कतात हिवाळ्यात इंजिन झोपवणं म्हणजे ऐन दिवाळीत फराळाच्या डब्यांना कुलूप घालणं. तोच तर इथला होडीचा मोसम. वहिनींनी ते प्रकरण पूर्ण वाचलं आणि बर्फाच्या जागी दमट उकाडा धरून सगळं उलटं करून घेतलं.

पार्किंगमध्ये गोड्या पाण्याचं पिंप भरलं. फळीला इंजिन लटकवून त्याचं शेपूट पाण्यात सोडलं आणि वहिनींनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, मीठ धुतलं जाऊ लागलं. कृष्णकांत प्लास्टिकच्या खुर्चीत परीक्षकासारखे बसले होते.

"वासंती, मला काहीतरी खोकल्यासारखं ऐकू आलं."

"ते तुम्ही खोकलात."

मग वहिनींनी पेट्रोलची नळी काढली आणि चालत्या इंजिनाच्या तोंडात तेलाचा फवारा मारायला सुरुवात केली. आतला प्रत्येक भाग तेलाने माखायचा, आणि पेट्रोल संपून इंजिन आपोआप विझायचं. पांढरा धूर उसळला. पिंप दिसेनासं झालं, मग पिकअप, मग कृष्णकांत. बाल्कन्यांमधली माणसं कठड्यावरून वाकून बघू लागली. त्या ढगात फक्त वहिनींचा हात दिसत होता, कोपरापर्यंत काळा आणि अगदी स्थिर. आतली धडधड जड झाली, अडखळली आणि थांबली. भजन संपल्यावर टाळ खाली ठेवायच्या आधी जी शांतता असते, तशी शांतता पार्किंगमध्ये पसरली. पार्किंगमध्ये अशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

"मॅडम, खलास?" मजीदने हळूच विचारलं.

"अभी गिअरका तेल."

वहिनींनी खालचा स्क्रू सोडला. तेल मधासारखं यायला हवं होतं. आलं ते ताकासारखं पांढरट. आत पाणी शिरलं होतं.

सगळ्यांना कळलं. कृष्णकांत खुर्चीतून उठले, पण जिंकल्यासारखे काही दिसेनात. "वासंती, ठरलं होतं आपलं," ते म्हणाले.

"हो, ठरलं होतं." वहिनींनी पाना उचलला. "पण द्यायचं तर धड करून देऊ. पाणी कुठून आलं ते तरी बघते."

त्यांनी इंजिनाच्या शेपटाचा, पाणी कापणारा पंखा उतरवला. पंख्यामागे, तो फिरवणाऱ्या दांड्याला गच्च आवळून, मासे पकडायच्या तंगुसाचा गुंता बसला होता. त्यानेच रबरी सील कापलं होतं. वहिनी चिमट्याने एकेक वेढा सोडवत होत्या आणि तंगूस लांबतच चालला होता. रंग भडक गुलाबी. सिदाबच्या अख्ख्या किनाऱ्यावर गुलाबी तंगूस वापरणारा मासेमार एकच होता. उलटीवरून लक्ष उडावं म्हणून तो होडीत गळ टाकून बसे, आणि पोट ढवळलं की गळ, दोरा सगळं पाण्यात सोडून देई.

वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही. दोन बोल्ट सोडले, फाटकं सील उचकटून काढलं आणि कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. त्या कृष्णकांतांना एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाला चोवीस वर्षं झालेली बाई असं गप्प राहू शकते, हे पाहून मी धुराच्या ढगापेक्षाही जास्त थक्क झालो.

मजीदने घड्याळ पाहिलं. "तो मैं ले जाऊँ?"

कृष्णकांतांनी तो गुलाबी गुंता हातात घेतला होता. "दोष इंजिनमें नहीं है, मजीदभाई."

"फिर किसमें है?"

कृष्णकांतांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मजीदने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, मग वहिनींकडे वळला. "मॅडम, तो इसको ले जाऊँ?"

वहिनींनी कागदाची पुडी नवऱ्याच्या हातात दिली. "पहले रुवीके बाजारसे नया सील लाने दो," त्या म्हणाल्या, "फिर देखेंगे."