थावरीयाडी भरून निघाली

थावरीयाडी शाळेतून घरी निघाली आणि हात रिकामे, असं मी कधी पाहिलं नाही. सेनगावजवळच्या तांड्यावर मी शिकवायचो, ती खिचडी शिजवायची. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. घरी जाताना डोक्यावर काटक्या, नाहीतर कडेवर कुणाचं तापलेलं लेकरू. विचारलं की फणकारायची, "आमचे वाडवडील बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडले, सर. माल उतरवला म्हणून बैल रिकामा माघारी आणायचा न्हाई. नाक कापलं जातं!"

एकदा पोरांना मी मोबाइलवर अंतराळयान दाखवत होतो. वर फिरणाऱ्या स्थानकाला अन्नपाणी पोचवून ते सुटत होतं, हळूहळू मागे सरकत. याडी हळदीच्या हातांनी मागे येऊन उभी राहिली.

"माघारी काय लादलं त्यानं?"

"कचरा. येता येता हवेतच जळून जाईल ते."

"म्हंजे घरी न्हाई येत?" ती धरूनच चालली होती की येतं. "इतक्या लांब दाणापाणी पोचवलं, अन् त्यालाच कचरा भरून जाळून राहिले? काहून? कोन्या नालायकाची अक्कल ही!"

मी हसलो. ती नाही हसली. त्या दिवशी खिचडी खारट झाली आणि बोलायची कुणाची छाती झाली नाही.

दिवाळीनंतर शाळा समितीनं ठरवलं, याडीचं वय झालं, आता पुरे. तिच्या निरोपाच्या दिवशीच ऊसतोडीचा ट्रक फाटकाबाहेर भरत होता. सातवीतली पूजा आईबापाबरोबर निघाली होती, धाकट्या भावाला सांभाळायला. एकदा गेली की तिची शाळा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या बापाला, सुनीलला, मी परोपरीनं सांगितलं. पठ्ठ्यानं नुसती मान डोलावली. अस्सा संताप आला होता!

अध्यक्षांनी याडीला साडी-नारळ दिला. म्हणाले, "लई केलं तुमी. आता आराम करा."

"आराम?" याडीनं नारळ टेबलावर ठेवला. "कचरा समजून राहिले व्हय मला?"

ती व्हरांड्यातून तरातरा उतरली, निरोपाला आलेल्या पूजाचा हात धरला आणि फाटकाकडे चालू लागली. सुनील आडवा आला.

"याडी, गाडी सुटून राहिली. धाकट्याला कोण बघंल?"

"त्यालाबी दे इकडं. काम सुटलं माझं, जीव न्हाई सुटला! ऊस तुमी तोडा, लेकरं मी बघते."

सुनील ट्रकवर चढला आणि त्यानं पोरीची गोधडी काढून आणली.

याडीनं गोधडी डोक्यावर घेतली, धाकटा कडेवर घेतला. पूजाचा हात तिनं सोडलाच नव्हता. फाटकातून वळून मला म्हणाली,

"सर, सांगा तुमच्या त्या यानवाल्याला. थावरी भरून चालली, अन् घरी चालली!"