तोंड अजिबात उघडू नका!

अर्जुनी मोरगावात माझा दातांचा दवाखाना आहे. काढलेला दात कचऱ्यात जातो, त्याच्यामागचा किस्सा मात्र डोक्यात रुतून बसतो. तिथून उपटायला माझ्याकडे चिमटा नाही! त्यामुळे साठलेत भरपूर. ऐका.

*

नवेगाव बांधचे एक काका, मासे विकणारे. दाढ काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि बजावलं, "घट्ट दाबून धरा. तोंड अजिबात उघडायचं नाही!" किती वेळ, ते सांगायचं मी विसरले.

काका एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" काकांनी हातानंच 'पुढं' दाखवलं. नवेगाव आलं आणि गेलं. 'थांबवा' म्हणायची सोयच नाही!

संध्याकाळी फोन आला. दात आवळूनच बोलत होते, "म्याडम, साकोली आली. आता तोंड उघडू का जी?"

*

एका रिटायर गुरुजींना सांगितलं, "दोन दिवस थंड खा. आइस्क्रीम चालेल."

"ते चिठ्ठीवर लिहून द्या. घरी पटणार नाही."

लिहिलं : एक कप, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको हजर. सगळे दात ठणठणीत! "कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"दुखत काहीच नाही जी. पण मलेबी तेच औषध लिहून द्या!"

*

प्रमिलाबाईंची अक्कलदाढ लेकीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी काढावी लागली. डावा गाल टम्म! फोटोत दिसू नये म्हणून बाईंनी लग्नभर तोंड डावीकडं फिरवून ठेवलं. नवरदेवाची मंडळी नेमकी उजवीकडं बसलेली.

"काऊन रागावल्या जी? आमचं काही चुकलं का?" विहीण विचारून राहिली, आणि बाईंना तर जबडा उघडता येईना! घाबरून विहिणीनं मानाच्या एका साडीच्या तीन केल्या.

महिन्याभरानं बाई परत आल्या. उजवा गाल पुढं करून म्हणाल्या, "म्याडम, इकडची बी काढून द्या. धाकटीचं जमलं!"

*

चिचगडच्या सोनबाजींना एकच दात उरला होता, खालचा, पुढचा. तो इतका दुखायचा की जेवण सुटलं होतं. मी काढायला गेले, तर त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, माझा हातच धरला.

"नोका काढू जी! ह्यांच्या शिट्टीशिवाय आमची म्हैस जंगलातून येत नाही. अन् शिट्टी त्याच दातातून वाजते!"

समजूत घातली, दात काढला. म्हैस खरंच येईना! वाघाचा भाग. महिनाभर अनसूयाबाई रोज दिवस मावळायच्या आत जीव मुठीत धरून जायच्या आणि तिला ओढून आणायच्या.

मग कवळी बसवली. सोनबाजींनी शेंगदाणे फोडले, खूश झाले. शिट्टी मात्र नुसती फुस्स!

"पुढं जराशी फट करा," ते म्हणाले. मी कवळी घासली. शिट्टी वाजली.

"हीच का ती?"

"मले का माहीत? म्हशीले विचारा!"

म्हैस बाहेर पिकअपमध्ये उभी होती! अनसूयाबाई तिथूनच ओरडल्या, "नुसता कान हलवला! आणखी घासा!"

घासली.

"मान वळवली! आणखी थोडी!"

तिसरी शिट्टी वाजली. बाहेर धाडकन आवाज झाला, दोर तुटला आणि म्हैस थेट दवाखान्यात शिरली.

बाकावर नंबर लावून बसलेले एक आजोबा मुकाट्यानं उठले, बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "पहिले इचे दात पाहून घ्या, म्याडम. मले घाई नाही."