देवाची माफी मागणारी मावशी

रघूभाऊ दाढी करायचे ती लुगडं नेसून झाल्यावर. आधी नऊवारी, मग आरसा, मग वस्तरा. मी म्हणायचो, भाऊ, उलटं करा की. त्यावर उत्तर ठरलेलं: "लुगडं नेसल्याबिगार गालाला लाज येत न्हाई, राव." पिंपळवंडीचा हा उंचापुरा गडी आमच्या तमाशात गवळणींची मावशी व्हायचा, आणि मी ढोलकीला.

देवाधर्माची टवाळी हा त्यांचा धंदाच. तरी प्रयोगाआधी गावच्या देवाला नारळ वाढवल्याशिवाय ते स्टेजवर पाय ठेवत नसत. "कामावर जाताना मालकाला रामराम नगं?" म्हणायचे.

एकदा ओतूरपलीकडच्या एका गावी यात्रेला गेलो. नाव घेत नाही, उगाच कशाला. आमची राधा म्हणजे शालन, तिची लेक दवाखान्यात होती. तिला स्वतःच्या हातानं देवापुढं नारळ ठेवायचा होता. पुजाऱ्यानं तिला उंबऱ्यावरच अडवलं, गाभाऱ्यात बाई चालत नाही म्हणाला. आणि लुगड्यातल्या रघूभाऊंना मात्र, "तुमी या, भाऊ." हे बोलताना पुजाऱ्याला हसूसुद्धा आलं नाही. भाऊ आत गेले नाहीत, आपला नारळ त्यांनी उंबऱ्यावरच वाढवला. शालन रडत नारळ घेऊन परत फिरली. माझं डोकंच फिरलं.

गवळणीत कृष्णानं वाट अडवली तशी मावशी पुढं झाली. "बायांनो, ह्यो वाट अडवतो, पर ग्वाड तरी बोलतो. देवळातला अडवतो आन् वर सोवळं मिरवतो." बायकांची बाजू खदखदून हसली. यात्रा कमिटीचे अध्यक्ष तरातरा स्टेजवर चढले. देवाची माफी मागा, नाहीतर तमाशा बंद, म्हणाले.

मावशीनं पदर सावरला, देवळाकडं तोंड करून हात जोडले. "देवा, चुकलो. तुला बाईचा येवढा इटाळ, मला ठावं नव्हतं. मंग जल्माला आलास तवा लई हाल झालं असतील रं तुजं."

जनरेटर बंद झाला. आम्ही चाचपडत सामान गाडीत भरलं. त्या गावानं पुन्हा बोलावलं नाही. शालनची लेक डॉक्टरांच्या हातानं बरी झाली.

यंदा भाऊ गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मला अजून करमत नाही.

दहाव्याला त्या गावाहून एक म्हातारी एसटीनं आली. त्या पुजाऱ्याची आई. तिनं शालनचा हात धरला.

"त्या दिशी मावशीचं समदं ऐकलं म्या," म्हणाली. "पोरगं पुजारी हाय माजं. पर देवाचं त्वांड म्या अजून जवळनं बघितलं न्हाई."