उतारावर मोजलेलं ऑइल

मंडळी, कडावचा आमचा मेकॅनिक सुरेशदादा माझ्या जुन्या एसयूव्हीचं इंजिन ऑइल मारतो, असा मला वर्षभर दाट संशय होता. सर्व्हिसिंगहून गाडी आणली, अंगणात ऑइलची पट्टी काढून बघितली, की ऑइल कमीच!

आज पुराव्याला फोटो काढत होतो. भांडी घासता घासता आई म्हणाली, "हितं पाणी ओतलं की सगलं गोठ्याकडं धावतंय. असल्या उतारावर काय मोजतोस रं? खळ्यावर ने गाडी."

सपाट खळ्यावर नेली, दहा मिनिटं थांबलो. ऑइल बरोब्बर वरच्या खुणेला.

पण या वर्षभरात माझं ऐकून आळीतल्या चौघांनी आपापल्या अंगणात ऑइल तपासलं होतं, त्यांनाही कमी दिसलं होतं आणि त्यांनी सुरेशदादाचं गॅरेज सोडलं होतं. आमच्या आळीत सपाट अंगण एकाचंही नाही.

आता आधी कुणाकडं जाऊ, त्या चौघांकडं की सुरेशदादाकडं?