पेटिफोर्डला ढकलणारा नॉर्ब

नॉर्ब डेप्री हा माझ्या बहिणीचा नवरा. आमच्या ग्रीन बे शहरात त्याला न ओळखणारा माणूस विरळा, आणि याचं कारण त्याने कागदाच्या गिरणीत काढलेली एकतीस वर्षं नव्हे. कारण जेमतेम दोन सेकंदांचं आहे.

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये आपल्या खेळाडूने चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला की तो धावत येऊन थेट प्रेक्षकांत उडी मारतो आणि पहिल्या रांगेतले त्याला कवेत घेतात. सहा वर्षांपूर्वी पाहुण्या टीमच्या पेटिफोर्डने आगाऊपणा करून हीच उडी मारली, तीही नेमकी नॉर्बसमोर. नॉर्बने दोन्ही हातांनी त्याला असा ढकलला की गडी खाली पाठीवर आपटला. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून बारमध्ये नॉर्बला बिअर कोणी ना कोणी पाजतंच. गोष्ट सांगताना तो दरवर्षी पेटिफोर्डची उंची थोडी वाढवतो. सध्या ती पावणेसात फुटांवर आली आहे.

या ऑगस्टमध्ये मात्र घात झाला. लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारे आमचे दोन वाइड रिसीव्हर एकाच आठवड्यात गुडघे धरून बसले. पेटिफोर्डचा करार संपला होता, तो मोकळा होता, आणि त्याला आमच्या टीममध्ये घ्यायचं घाटत होतं.

त्या रविवारी चर्चच्या आवारात मोठ्या कढईत बूया नावाचा दाट रस्सा रटरटत होता. कोंबडी, बीफ, कोबी, सगळं त्यात पडलेलं. वल्ह्याएवढा डाव नॉर्बच्या हातात होता आणि तोंडाचा पट्टाही चालू होता.

"अजिबात घेऊ नये! बत्तीस वर्षांचा घोडा. चेंडू हातात टिकतोय कुठे?"

"मागच्या वर्षी शहाऐंशी झेलले त्याने," माझी बहीण आर्लीन गाजरं चिरता चिरता म्हणाली.

"घोटा दुखरा आहे त्याचा."

"तुझे दोन्ही गुडघे बदललेत. तरी ठेवलंच ना मी तुला?"

कढईभोवतीची मंडळी खो खो हसली. नॉर्ब लाल झाला.

"टीमचा मालक आहे मी! शेअर आहे माझ्याकडे!"

"माझ्याकडेही आहे. म्हणतेय मी, घ्या त्याला."

आमच्याकडे टीम लोकांच्याच मालकीची आहे. शेअरवर नफा मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही. भिंतीवर टांगता येतो. नॉर्बने मात्र 'मालक या नात्याने' टीमच्या ऑफिसला तीन पत्रं धाडली होती.

मंडळी पांगल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग, तुला खुपतंय काय?"

त्याने कढईत डाव फिरवला. मग हळूच म्हणाला, "तो आपला झाला तर मी कोण रे? आपल्याच माणसाला ढकलणारा."

मी हसायच्या तयारीत होतो, पण हसू आलं नाही. मला त्याची फार दया आली. गिरणीतून निवृत्त होताना त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. टाळ्या त्याला फक्त त्या ढकलण्यानेच मिळवून दिल्या होत्या.

गुरुवारी पेटिफोर्डने सही केली. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला नॉर्ब पोट दुखतंय म्हणून बसून राहिला. आर्लीनने त्याला कोट चढवला आणि गाडीत कोंबला.

सामन्याच्या तिसऱ्या सत्रात पेटिफोर्डने टचडाउन केला आणि तो आमच्याच कोपऱ्याकडे धावत सुटला. आजूबाजूचे लोक ओरडले, "नॉर्ब, तुझा माणूस आला!" नॉर्ब पांढराफटक पडला. पण उठला. दोन्ही हात पसरले, डोळे घट्ट मिटले आणि पाय रोवून उभा राहिला. एवढं धाडस मी त्याच्यात कधी पाहिलं नव्हतं.

पेटिफोर्ड भिंतीपाशी थबकला. त्याने नॉर्बला ओळखलं.

"तुम्ही नको, काका," तो हसून म्हणाला, आणि उडी मारली ती आर्लीनच्या अंगावर. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या बहिणीने त्याची जर्सी गच्च धरली आणि हेल्मेटचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. त्यात आर्लीन आहे, पेटिफोर्ड आहे, आणि डाव्या कडेला कोणाचा तरी पसरलेला एक हात आहे. तो हात आपला, असं नॉर्ब भेटेल त्याला सांगत असतो.